बेकरीवाल्यांचा क्राऊन

आमचे सासरे लिफ्टमध्ये शिरले की आधी स्वतः गप्प होतात आणि मग दुसऱ्यांना गप्प करतात. कोणी दोघं गप्पा मारत असोत, लहान मूल रडत असो, हे हात वर करून "शू!" म्हणणार. दोन मजले सगळे श्वास रोखून उभे. मग हे जाहीर करणार, "बेअरिंग गेलंय," आणि आपल्या मजल्यावर उतरून चालू लागणार. मागे राहिलेल्या माणसांनी वरचे मजले कोणत्या अवस्थेत काढले असतील, याचा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याबरोबर लिफ्टने गेले तेव्हा वाटलं, कुठल्या घरात येऊन पडले मी. आता त्याच घरात माझे केस पांढरे व्हायला लागलेत आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर मीही कान टवकारते.

जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. जुन्या इमारतींत गच्चीवर मोटाररूम असते. आत मोटार, दोर गुंडाळणारी मोठाली चाकं आणि कानठळ्या बसवणारा आवाज. यांची पद्धत अशी की काहीही उघडण्याआधी ऐकायचं. लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. बाकीचे मेकॅनिक सगळं खोलून बसत, तोवर यांचं काम संपवून डबा खाऊन झालेला असे. कंपनीनं कानात घालायला रबरी बोळे दिले होते. ते यांनी घरी आणले आणि खिडकीची तावदानं वाऱ्यानं खडखडतात त्या फटींत बसवले. "बोळे घातल्यावर मोटार काय सांगतेय ते कळणार कसं?" असं त्यांचं म्हणणं. पुढे जे झालं ते त्या खोल्यांत रोज थोडं थोडं होतच होतं, पण तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

नाण्यांचं वेडही त्यांना लिफ्टमध्येच लागलं. लिफ्टच्या तळाशी, सगळ्यात खालच्या मजल्याच्याही खाली, एक खड्डा असतो. लिफ्ट आणि मजला यांच्यामध्ये जी बोटभर फट राहते, तिच्यातून निसटलेलं सगळं त्या खड्ड्यात जाऊन बसतं. किल्ल्या, कानातली, शर्टाची बटणं. एकदा अख्खी कवळी मिळाली. ती कोणाची हे विचारत हे मजल्या-मजल्यावर फिरले, तर एक माणूस तोंड उघडायला तयार होईना. असाच एका जुन्या कचेऱ्यांच्या इमारतीतला खड्डा साफ करताना, ग्रीसच्या राडीत त्यांना एक जाडजूड नाणं सापडलं. मोठ्या बिस्किटाएवढं, काळपट, वर केसांचा टोप घातलेला दुहेरी हनुवटीचा माणूस. यांनी खालच्या फळ्यावर चिठ्ठी लावली की नाणं सापडलं आहे, वर्णन सांगावं आणि घेऊन जावं. जे आले त्यांनी आपल्या मनातल्या नाण्याचं वर्णन केलं. खऱ्या मालकाचा पत्ता लागला नाही.

मग हे ते नाणं घेऊन जुनी तिकिटं नि नाणी विकणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदारानं सांगितलं की हा अठराव्या शतकातला युरोपातला क्राऊन आहे. त्या काळात तिकडच्या प्रत्येक राजाचं असं एक थोरलं चांदीचं नाणं असे. कुठे त्याला थेलर म्हणत, कुठे एक्यू, कुठे स्कूदो. जमवणारे या सगळ्या गोतावळ्याला मिळून क्राऊन म्हणतात. एवढं सांगून दुकानदारानं नाणं बोटाच्या टोकावर तोललं आणि पेन्सिलीनं कडेवर हलकेच टिचकी दिली. ते वाजलं. "अशी एक बारीक तार निघाली," सासरे सांगतात, "आणि निघतच राहिली. मी खलास."

तेव्हापासून बाकीचे लोक राजांसाठी, सालांसाठी, चित्रांसाठी क्राऊन जमवतात, आणि आमचे सासरे आवाजासाठी. राजांची नावं त्यांना धड येत नाहीत. त्यांच्या लेखी एक "टोपवाला" आहे, एक "नाकवाला", एक गुबगुबीत महाराणी आहे जिला ते "मावशी" म्हणतात. पण डोळे मिटून बसवा आणि नाणं वाजवा, कोण आहे ते सांगतील. म्हणजे सांगत असत. संग्रह काही डोळे दिपवणारा नाही. पाच-सहा वर्षांत एखादं नाणं घरात यायचं, तेही कोणाचं शटर दुरुस्त करून दे, कोणाशी अदलाबदल कर, अशा खटपटी करून. सासूबाई म्हणायच्या, "एवढी चांदी माझ्या अंगावर घातली असती तर मीसुद्धा चालताना वाजले असते. मग तरी लक्ष गेलं असतं माझ्याकडे."

आवाजाचं शास्त्र त्यांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं, मी विचारलं नसताना. टाकसाळीतलं नाणं ठोकलेलं असतं. चांदीच्या चकतीवर दोन्ही बाजूंनी छाप मारतात, त्यामुळे धातू घट्ट होतो आणि नाणं खणखणीत वाजतं. नकली नाणं साच्यात ओतलेलं असतं. चांदी तीच, चेहरा तोच, पण ओतताना आत बारीक बुडबुडे राहतात, आणि मग ते वाजत नाही, टक् करून गप्प होतं. अशा नाण्याला ते मुकं म्हणायचे. वजन, कडेवरची अक्षरं, भिंगातून दिसणारे बारकावे हे सगळं त्यांनाही कळत होतं, पण शेवटचा शब्द कानाचा.

त्या दुकानाच्या मागच्या खोलीत दर रविवारी क्राऊनवाल्यांची बैठक भरायची. तिथं यांचं नाव कानसेन. कोणी नवं नाणं आणलं की सगळे मिळून भिंगं लावायचे, वाद घालायचे, आणि शेवटी नाणं यांच्यापुढे सरकवायचे. हे एक टिचकी द्यायचे आणि मान हलवायचे, उभी किंवा आडवी. घरात ज्याचं कोणी ऐकत नाही अशा माणसाचं तिथं एका मानेवर चालायचं. त्या दिवशी हे घरी यायचे तेच वीतभर उंच होऊन.

बैठकीत बेकरीवाले म्हणून एक होते. यांचे जुने दोस्त, हसरे, कोपरापर्यंत पीठ. त्यांच्याकडे एकच क्राऊन होता आणि तो कायम पॅंटच्या खिशात. तरुणपणी त्यांनी आपली मोटारसायकल देऊन तो घेतला होता. होय, चालती मोटारसायकल. त्यानंतर जन्मभर सायकलवरून पाव पोचवले. खिशात बोटांनी चोळून चोळून त्या नाण्यावरचा राजा पार सपाट झाला होता, कडेची अक्षरं गेली होती, वजनही उतरलं होतं. बैठकीतले लोक पाठीमागे हसत. पण ते नाणं कोणाला वाजवू द्यायचे नाहीत. "बायकोची परीक्षा घेतो का कोणी?" म्हणायचे आणि पुन्हा खिशात टाकायचे.

खऱ्या बायकोनं मात्र त्यांची रोज परीक्षा घेतली. बेकरीवाल्या काकूंचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की गिऱ्हाईक सुटे पैसे न घेता निघून जायचं, आणि त्या पट्ट्याचं शेवटचं टोक हमखास मोटारसायकलीवर. "गाडी देऊन पत्रा आणला" हे वाक्य मी त्यांच्या काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की पावाबरोबर बांधून मिळतं की काय असं वाटायचं. बेकरीवाले हसायचे. त्यांचा मुलगाही हसायचा. मीसुद्धा हसलेय.

गेल्या साली बेकरीवाले गेले. आणि त्यानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी, काकू ते नाणं रुमालात बांधून आमच्या घरी आल्या.

मी तेव्हा कामावर होते. घरी सासरे आणि आत स्वयंपाकघरात सासूबाई मिक्सर लावून बसलेल्या. पुढचं मला सासूबाईंकडून कळलं, जेवढं त्यांना दारातून दिसलं आणि मिक्सर मधेमधे थांबवल्यावर ऐकू आलं तेवढं.

काकू म्हणाल्या, "भाऊ, मला विकायचंबिकायचं नाही. एवढंच सांगा, खरं आहे की खोटं."

"आता कशाला, वहिनी?"

"मी जन्मभर त्यांना त्यावरून बोलत आले. लोकांदेखत बोलले. मला कळायला हवं, मी बरोबर होते का."

सासऱ्यांनी नाणं घेतलं, भिंगातून पाहिलं, कडेवरून नख फिरवलं. झिजून गेलेल्या नाण्यावर डोळ्याला काय दिसणार? मग बोटावर तोललं आणि पेन्सिलीची टिचकी दिली. नाणं रुमालावर परत ठेवलं. आणि म्हणाले, "वहिनी, ओतीव आहे. चांदी असेल, पण टाकसाळीतलं नाही. ऐकलंत ना, मुकं आहे."

काकू "बरं" म्हणाल्या. रुमालाची गाठ मारली आणि चहा न घेताच गेल्या.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी घरात सगळ्यांना माहीत होती आणि घराबाहेर कोणालाच नाही. सासऱ्यांना ऐकू येणं कमी झालं होतं. टीव्ही इतका मोठा की शेजारची बातम्या ऐकायला स्वतःचा लावत नसे. दारावरची घंटा त्यांना महिनोन्महिने ऐकू आलेली नव्हती. विषय काढला की म्हणायचे, "तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता." कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर यायचे. "या कानावर जेवलो मी. त्याला काय धाड भरलीय?" माझे यजमान अशा वेळी वर्तमानपत्रात तोंड घालायचे, आणि मी एकटी वाईट व्हायची. लिफ्टमध्ये ते अजूनही "शू!" म्हणायचे. निदान चुकीचं निघालं तर तपासायला कोण जाणार होतं? बैठकीतही आता सगळे म्हातारे झाले होते. नवं नाणं कोणी आणत नव्हतं, चहा आणि दुखणी एवढाच विषय. त्यामुळे तिथंही पितळ उघडं पडायची वेळ आली नव्हती.

पण शपथेवर सांगते, ते फसवत नव्हते. आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. जड आवाज त्यांना येत होते. मोटारीची घरघर, दार आपटल्याचा आवाज, माझं ओरडणं. गेली होती ती फक्त वरची बारीक तार. आणि जे ऐकूच येत नाही, ते येत नाहीये हे माणसाला कळणार कसं?

त्या दिवसानंतर मात्र त्यांचं जेवणात लक्ष लागेना. दोस्ताचं नाणं ओतीव निघालं हे त्यांनाच लागलं होतं. माणूस गेला आणि वर त्याची शेवटची आब आपल्याच हातून गेली. मला सुट्टी होती तेव्हाची गोष्ट. सकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले तर पलंगावर टॉवेल पसरलेला आणि त्याच्यावर सगळे क्राऊन मांडलेले. हे मधोमध बसलेले, हातात पेन्सिल, आणि तोंडावर असा काही भाव की मला वाटलं छातीत दुखतंय.

"सूनबाई," म्हणाले, "सगळी ओतीव आहेत."

"काय?"

"बेकरीवाल्याच्या नाण्याशी ताडून बघावं म्हणून टोपवाला वाजवला. मुका. मग मावशी वाजवली. तीही मुकी. सगळी वाजवली. एक खरं नाही ग यात. जन्मभर मी..."

"वाजवा बघू," मी म्हटलं.

त्यांनी टोपवाला बोटावर घेतला आणि टिचकी दिली. खोलीभर ती तार पसरली, बारीक, स्वच्छ, लांबच लांब.

"अहो बाबा, वाजतंय की!"

"कुठे वाजतंय? टक् म्हणालं आणि बसलं."

"अजून वाजतंय!"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्यांची समजूत घालायला खोटं बोलतेय. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "पुन्हा वाजवा. माझ्या बोटाकडे बघा. आवाज आहे तोवर बोट वर ठेवते, थांबला की खाली." त्यांनी मावशी वाजवली. मी बोट वर धरलं. ते बोट किती वेळ वर राहिलं! माझं मलाच ते जड झालं. ते नाण्याकडे बघत नव्हते, माझ्या बोटाकडे बघत होते, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ते उतरत गेलं. आवाज संपला तसं मी बोट खाली घेतलं. मग नाकवाला. मग पुढचा. शेवटी मला बोट धरवेना, कारण मी रडत होते. नाणी सगळी खरी होती. ते ऐकून आनंद व्हावा अशी ती गोष्ट होती, आणि आम्ही दोघं मयताच्या घरी बसावं तसे बसलो होतो.

मग त्यांनी टॉवेलाची टोकं नाण्यांवर दुमडली. मला वाटलं कानाबद्दल बोलतील. ते म्हणाले, "वहिनींना मी काय सांगून बसलो!"

मला वाटलं आता चप्पल घालून निघतील. कसले निघताहेत! दोन दिवस घरात येरझाऱ्या. कधी म्हणायचे, कदाचित बेकरीवाल्याचं खरोखरच ओतीव असेल, झालं गेलं ते उकरायचं कशाला. कधी म्हणायचे, फोन करू. फोनवर त्यांना एक अक्षर ऐकू येत नाही हे विसरून. तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला.

"बाबा, स्पष्ट बोलू? तुम्हाला नाण्याची भीती नाही. बैठकीत कानसेन म्हणणारं कोणी उरणार नाही याची भीती आहे. आणि तिकडे ती बाई नवऱ्याला खुळा समजून बसलीय."

"कान माझे गेलेत, तुझी जीभ नाही गेली!" ते कडाडले.

"आता बरं ऐकू आलं!" मीही म्हटलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी किती वर्षं सांगतेय, ऐकू येत नाही म्हणून. तेच तेवढं यांना ऐकू आलं नाही." आणि जवळ येऊन त्यांनी त्यांच्या शर्टाची वरची गुंडी लावली, बाहेर जाताना लावतात तशी. यांनी चपला पायांत सरकवल्या. मग म्हणाले, "सूनबाई, तू चल बरोबर. ऐकायला कोणीतरी हवं."

बेकरीच्या वरच राहतात त्या. अरुंद जिना, पायऱ्यांच्या कोपऱ्यात पिठाची पांढरी रेघ, खाली पीठ मळायच्या यंत्राची घरघर. काकूंनी दार उघडलं आणि आम्ही दोघं दारातच थबकलो. त्यांच्या गळ्यात साखळी होती, आणि साखळीत तो क्राऊन. वरच्या बाजूला स्वच्छ गोल भोक.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. क्राऊनवाल्यांच्या जगात याहून मोठा अनर्थ नाही. चरा चालतो, डाग चालतो, झीज तर चालतेच. भोक पडलं की नाणं गेलं. सासऱ्यांनी भिंतीला हात लावला.

"सोनाराकडून पाडून घेतलं," काकू आम्हाला बसवत म्हणाल्या. "म्हटलं, खोटं तर खोटं. त्यांच्या खिशातलं आहे ना. डब्यात ठेवून काय करू? अंगावर राहील."

सासऱ्यांनी हात पुढे केला. काकूंनी साखळी काढून दिली. त्यांनी खिशातून भिंग काढलं, खिडकीशी गेले, आणि त्या भोकातच बघायला लागले. आधी मला कळेना काय चाललंय. मग कळलं. ओतीव धातूच्या पोटात बुडबुडे असतात, आणि सोनारानं नाण्याचं पोटच उघडं करून ठेवलं होतं. नाणं फिरवून फिरवून ते बघत राहिले. मग भिंग खाली आलं.

"एक बुडबुडा नाही," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "घट्ट आहे. आरपार घट्ट."

त्यांनी ते वाजवून पाहिलं नाही. भोक पडल्यावर धड वाजतही नाही म्हणे. ते काकूंसमोर येऊन उभे राहिले, शाळेत बोलावलेल्या मुलासारखे, आणि मी त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ते वाक्य ऐकलं. "वहिनी, मला ऐकू येत नाही."

काकूंना अर्थबोध होईना. मग मी सांगितलं, टॉवेलावरच्या नाण्यांपासून सगळं. सासरे खाली बघत होते. मी सांगून थांबले तसे म्हणाले, "तुम्ही आलात त्या दिवशी मी वाजवलं तेव्हा कसं वाजलं होतं? आठवतं?"

काकू मोठ्यानं, सावकाश बोलल्या. "मला तर वाजल्यासारखं वाटलं होतं, भाऊ. लांबलचक वाजलं. तुम्ही मुकं आहे म्हणालात ना, तेव्हाही ते वाजतच होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्यापुढे मी काय बोलणार? ते घरी तुमचंच नाव घ्यायचे. कानसेन म्हणाले की संपलं, म्हणायचे."

सासऱ्यांचा चेहरा बघवेना मला. "वहिनी, ते खरं आहे," ते म्हणाले. "टाकसाळीतलं, अस्सल. तो फसला नव्हता. फसवलं मी. आणि आता हे भोकही माझ्यामुळेच. याला आता कोणी नाणं म्हणणार नाही. रविवारी बैठकीत सगळ्यांना सांगतो मी, माझा कान गेलाय, आणि त्याचं नाणं खरं होतं."

मी काकूंच्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं आता पट्टा सुटणार, आणि सुटला तर आम्ही खाली मान घालून ऐकून घेणार होतो. पण भोकाचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. त्यांनी नाणं परत घेतलं, दोन्ही हातांत धरलं, त्या सपाट झालेल्या राजावरून अंगठा फिरवला. बेकरीवाले फिरवायचे तसाच, खालून वर. मग त्या काहीतरी बोलल्या. इतक्या हळू, की मीसुद्धा जेमतेम ऐकलं. ते आमच्यासाठी नव्हतंच.

"काय म्हणाल्या?" सासऱ्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. असलं काही ओरडून सांगायचं नसतं. पण ते ऐकेनात. इतकी वर्षं न ऐकता मान डोलावणारा हा माणूस, त्याला नेमकं त्याच दिवशी सगळं ऐकायचं होतं. "वहिनी, मला नाही ऐकू आलं. काय म्हणालात?"

काकूंनी पदरानं नाही, हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले. खुर्ची पुढे ओढली. आणि भरल्या दुकानात गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून हाका मारायची सवय असलेल्या त्या आवाजात म्हणाल्या, "चुकले, म्हटलं! मी चुकले! तुमचं नाणं खरं होतं, आणि मी जन्मभर तुम्हाला खुळ्यात काढलं! ऐकलंत का? चुकले मी!"

खालचं यंत्र बंद झालं. जिन्याच्या तळाशी मुलाची पावलं आली आणि त्याचा घाबरा आवाज आला, "आई? काय झालं? कोणाशी भांडतेयस?"

"भांडत नाही रे," काकू तशाच मोठ्यानं म्हणाल्या. "तुझ्या बाबांशी बोलतेय."